रेनॉल्ड्सची रंगीत रेघ आणि आमची हजार लिटरची टाकी

फोनवरून औषध मागवताना आपण काय बघतो? किंमत, डिस्काउंट आणि डिलिव्हरी कधी. ती गोळी आधी कुठल्यातरी लॅबमध्ये एक लिटरच्या काचेच्या फ्लास्कमध्ये तयार झाली असणार आणि मग कोणीतरी तीच कृती मोठाल्या टाकीत बसवली असणार, हे काही आपल्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नसतं. पण माझी पहिली नोकरीच ही होती: फ्लास्कमधलं टाकीत आणायचं. आमच्याकडे याला स्केल-अप म्हणतात.

पहिल्याच कामात तोंडावर आपटलो. कंपनीचं नाव राहू दे. लॅबमध्ये त्या औषधाचे क्रिस्टल असे छान पडायचे की बघत राहावं. फिल्टरवर टाकले की थोड्या वेळात निथळून मोकळे. तीच कृती, तेच तापमान, तेच प्रमाण घेऊन हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये बॅच घेतली, तर हातात आला पिठासारखा बारीक चिखल. फिल्टर चोक. शिफ्ट संपली तरी आम्ही तिथेच. मला वाटलं ढवळणं कमी पडतंय, म्हणून स्टिररचे आरपीएम वाढवायला सांगितले. ऑपरेटर मामांनी मान हलवली, पण वाढवले. पुढची बॅच आणखी बारीक.

तेव्हा आमच्या सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि फ्लास्कचा आणि टाकीचा रेनॉल्ड्स नंबर काढायला सांगितला. हा नंबर मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता आणि छोट्याचं मोठं करताना काय बदलतं हाच प्रश्न घेऊन तो आयुष्यभर बसला होता, हे मला फार उशिरा कळलं. आज त्याची गोष्ट सांगतो. आमच्या टाकीकडे शेवटी परत येऊच.

वर्कशॉपमधून केंब्रिजला

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ चा, बेलफास्टचा. वाढला मात्र इंग्लंडमध्ये. वडील धर्मोपदेशक आणि शाळामास्तर, पण त्यांना यंत्रांचा नाद. शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्यांनी पेटंटही घेतली होती. घरातच असं वातावरण असल्यावर पोरगा कुठे जाणार? १८६१ साली, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, तो थेट कॉलेजात गेला नाही. स्टोनी स्ट्रॅटफर्डच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करायला लागला. तिथे त्याच्या लक्षात आलं की डोळ्यांसमोर घडणाऱ्या कितीतरी गोष्टी आपल्याला समजावून सांगता येत नाहीत, कारण गणित कच्चं आहे. म्हणून मग केंब्रिज. १८६७ मध्ये गणितात सातवा आला.

मला हा क्रम आवडतो. आपल्याकडे आधी डिग्री आणि मग प्लांटमध्ये येऊन गोंधळ. त्याने आधी ग्रीसमध्ये हात काळे केले आणि मग गणित शिकला.

पुढच्याच वर्षी, पंचविशीत, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात तो इंजिनीअरिंगचा प्रोफेसर झाला. आज त्या कॉलेजचं मँचेस्टर विद्यापीठ झालंय. इंजिनीअरिंगचा प्रोफेसर हे पदच तेव्हा इंग्लंडमध्ये नवं होतं. मँचेस्टर म्हणजे कापड गिरण्या, वाफेची इंजिनं, धूर. शहरातल्या कारखानदारांनी पैसे उभे करून ही खुर्ची तयार केली होती. रेनॉल्ड्स तिथे १८६८ ला बसला तो १९०५ पर्यंत उठला नाही. घरी मात्र सुरुवातीलाच घाव बसला. लग्न झालं १८६८ मध्ये आणि वर्षभरात बायको वारली. दुसरं लग्न केलं ते १८८१ साली.

शिक्षक म्हणून कसा होता? खरं सांगायचं तर अवघड. शिकवता शिकवता तो स्वतःच विचारात हरवायचा आणि वर्ग मागे राहायचा. पुढे इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसन हा त्याचा विद्यार्थी. त्याने सांगितलेला एक किस्सा आहे. रेनॉल्ड्स वर्गात स्लाइड रूल शिकवत होता. स्लाइड रूल म्हणजे त्या काळचा कॅल्क्युलेटर, सरकत्या पट्ट्यांचा. सोपं उदाहरण म्हणून त्याने तीन गुणिले चार केलं आणि पट्टीवर वाचून उत्तर दिलं अकरा पॉइंट आठ. पोरं हसायला लागली. आपल्या कामापुरतं हे ठीक आहे, असं सांगून तो पुढे गेला. हा किस्सा डोक्यात ठेवा. सिम्युलेशन करणाऱ्या प्रत्येकाला रोज हाच निवाडा करावा लागतो की कामापुरतं ठीक म्हणजे नक्की किती ठीक.

त्याची आणखी एक सवय थॉमसनने सांगितली आहे. नवा प्रश्न आला की आधी कोणी काय लिहिलंय ते तो बघायचा नाही. स्वतः विचार करायचा, मग वाचायचा. प्रश्नही कसले कसले! पावसाने समुद्र शांत का होतो. ओल्या वाळूवर पाय दिला की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी का दिसते. बॉयलरच्या पत्र्यातून पाण्यात उष्णता कशी जाते. बेअरिंगमध्ये तेलाचा पातळ थर एवढं वजन कसं उचलतो. हे शेवटचं त्याने १८८६ मध्ये समीकरणात मांडलं. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड हवेच्या अतिपातळ थरावर तरंगतं ना, त्याचा हिशेबही त्याच समीकरणाच्या घराण्यातला आहे.

पाण्याच्या नळीत रंग

आता मुख्य गोष्ट. घरी उदबत्ती लावा आणि धुराकडे बघा. आधी सरळ रेघ वर जाते, मग एका उंचीवर अचानक तिची वेटोळी होतात. असं का आणि नेमकं कधी?

१८८३ साली रेनॉल्ड्सने हेच पाण्यात करून बघितलं. सहा फूट लांबीची काचेची टाकी, तिच्यात पाण्याखाली बुडवलेली काचेची नळी, नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरट. तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडायची. वेग कमी असला की नळीच्या मधोमध रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ जाते. वेग वाढवत नेला की एका क्षणी ती विस्कटते आणि रंग सगळ्या नळीभर पसरतो. विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिलं तेव्हा त्या पसरलेल्या रंगात त्याला स्पष्ट भोवरे दिसले. आज कॅमेऱ्याचा शटर स्पीड वाढवून आपण जे करतो, ते त्याने ठिणगीने केलं.

एवढ्यावर थांबला असता तर तो एक छान व्हिडिओ झाला असता, बाकी काही नाही. त्याने वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या घेतल्या, पाण्याचं तापमान बदललं आणि रेघ कधी विस्कटते ते मोजत राहिला. निघालं असं, की एकटा वेग काही ठरवत नाही, एकटी जाडीही नाही. द्रवाची घनता गुणिले वेग गुणिले नळीचा व्यास, भागिले द्रवाचा दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी. हा जो आकडा येतो तो ठरवतो. नळीत तो साधारण दोन हजारांच्या खाली असला तर प्रवाह शिस्तीत, फार वर गेला तर भोवरे. पाणी अगदी स्थिर होऊ दिलं तर बारा-तेरा हजारांपर्यंतही रेघ टिकते, हेही त्याने नोंदवलं. नंतरच्या काळात मँचेस्टरमध्ये त्याच उपकरणावर प्रयोग पुन्हा केला तेव्हा रेघ त्याच्या आकड्याच्या आधीच मोडायला लागली. कारण? रस्त्यावरच्या गाड्यांचे हादरे. रेनॉल्ड्सच्या वेळी बाहेर घोडागाड्या होत्या.

या आकड्याला एकक नाही. मीटर नाही, किलो नाही, सेकंद नाही. म्हणूनच तो मधाला, पाण्याला, हवेला, बारक्या नळीला आणि धरणाच्या पाइपला सारखाच लागू होतो. छोट्या आणि मोठ्या गोष्टीची तुलना करायची तर आकार नाही, गुणोत्तरं जुळवायची, हे यातून आलं. स्टोक्सने ही कल्पना आधी १८५१ मध्ये मांडली होती. पण त्यावर प्रयोगाचा शिक्का मारला रेनॉल्ड्सने, आणि १९०८ साली जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्डने या आकड्याला रेनॉल्ड्सचंच नाव दिलं.

परातीतली नदी

माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी काम मात्र पाठ्यपुस्तकात नसतंच. १८८० च्या दशकात मँचेस्टरला समुद्राशी जोडणारा जहाजांचा कालवा काढायचा घाट चालला होता. मर्सी नदीच्या मुखाशी बांधकाम केलं तर गाळ साचून लिव्हरपूल बंदराची वाट लागेल का, यावर प्रचंड वाद. खऱ्या नदीवर प्रयोग करून बघणं शक्य नव्हतं. रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये नदीचं मुख परातीसारख्या सपाट टाकीत बनवलं. दोन इंच म्हणजे एक मैल. तळाला सपाट वाळू पसरली आणि पाण्याला भरती-ओहोटी देत राहिला.

इथे त्याने एक गंमत केली. आडवं माप घेतलं सुमारे १ ला ३१,८००, पण खोलीचं माप घेतलं १ ला ९६०. म्हणजे मुद्दाम चुकीचं! कारण साधं आहे. दहा मीटर खोल पाणी ३१,८०० ने भागलं तर उरतं अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. असं पाणी वाहत नाही, चिकटून बसतं. ९६० ने भागलं तर सेंटिमीटरभर पाणी मिळतं. सगळी गुणोत्तरं एकाच वेळी जुळत नाहीत हे त्याने मान्य केलं आणि लाटेच्या हालचालीचं जे महत्त्वाचं होतं ते सांभाळलं. त्या हिशेबाने साडेबारा तासांची भरती-ओहोटी परातीत चाळीसेक सेकंदांत व्हायला हवी. तशी ठेवल्यावर सपाट वाळूत आपोआप खाच्या पडू लागल्या आणि त्या खऱ्या मर्सीच्या नकाशाशी मिळत्याजुळत्या निघाल्या. परात दिवसरात्र चालवली तर एका दिवसात नदीची जवळपास तीन वर्षं. फास्ट फॉरवर्डच की. कॉम्प्युटर नव्हता, बाकी सिम्युलेशनच होतं.

आता माझा तो कागद. फ्लास्कमधला स्टिरर साडेतीन सेंटिमीटरचा, ६०० आरपीएमवर फिरणारा. टाकी हजारपट मोठी म्हणजे लांबी-रुंदी दहापट, स्टिरर ३५ सेंटिमीटरचा. टाकीत रेनॉल्ड्स नंबर काढताना नळीच्या व्यासाऐवजी स्टिररचा व्यास धरतात आणि वेग म्हणजे त्याच्या टोकाचा वेग. मी म्हटलं, सोपं आहे, रेनॉल्ड्स नंबर सारखा ठेवू. उत्तर आलं ६ आरपीएम. सहा! एवढ्यात साखरसुद्धा विरघळणार नाही. स्टिररच्या टोकाचा वेग सारखा ठेवला तर ६०. दर लिटरला ढवळायची ताकद सारखी ठेवली तर साधारण १२९, आणि तसं केलं तरी फ्लास्कमध्ये पाच सेकंदांत एकजीव होणाऱ्या गोष्टीला टाकीत तेवीस सेकंद लागतात. एक जुळवलं की दुसरं सुटतं. मर्सीच्या परातीत रेनॉल्ड्स जिथे उभा होता, तिथेच मी उभा होतो. फक्त शंभरहून जास्त वर्षं उशिरा.

आणि उष्णता वेगळीच. टाकी हजारपट झाली की तिचा पत्रा शंभरपटच वाढतो. म्हणजे दर लिटरमागे थंड करणारा पत्रा दहाव्या हिश्शावर. प्रक्रियेत उष्णता निर्माण होत असेल तर फ्लास्कमध्ये ती सहज निघून जाते आणि टाकीत साचते. क्रिस्टल बिघडले तर पैसा जातो. उष्णता साचून प्रक्रिया हाताबाहेर गेली तर माणसं जातात. भोवरे जसे वेग इकडून तिकडे नेतात तशीच उष्णताही नेतात, हे रेनॉल्ड्सने १८७४ मध्येच बॉयलरच्या संदर्भात सांगितलं होतं.

सरासरी आणि तिच्यातलं भोक

मग कॉम्प्युटर काय करतो? टाकीचे लाखो बारीक कप्पे पाडतो, फोनच्या स्क्रीनवरच्या पिक्सेलसारखे, आणि प्रत्येक कप्प्यात वेग, दाब, तापमान, कुठला पदार्थ किती, याची समीकरणं सोडवतो. अडचण भोवऱ्यांची. आमच्या टाकीचा रेनॉल्ड्स नंबर अडीच लाखांच्या वर होता. त्यातला सगळ्यात लहान भोवरासुद्धा पकडायचा तर कप्पे लागतात लाख कोटींच्या घरात. फुल एचडी फोनच्या स्क्रीनवर पिक्सेल असतात पंचवीसेक लाख. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर साधारण तेवढेच कप्पे झेपवायचा.

यावरचा तोडगाही रेनॉल्ड्सचाच आहे, १८९५ चा. त्याने वेगाचे दोन भाग केले: सरासरी वेग आणि सरासरीपासूनची थरथर. क्रिकेटमध्ये रन रेट आठ आहे म्हणजे प्रत्येक ओव्हरला आठच रन झाले असं नाही ना? एका ओव्हरला चार, दुसऱ्याला बारा. सरासरी धरून चाललो तर प्रत्येक भोवऱ्याच्या मागे पळावं लागत नाही. पण त्याने समीकरणांची सरासरी काढली तेव्हा थरथरीचा एक तुकडा शिल्लक राहिला. गर्दीच्या लोकलमध्ये पुढून-मागून बसलेल्या धक्क्यांची बेरीज शून्य होते, माणूस जागच्या जागी राहतो, पण धक्के तर बसलेच. तसं. या उरलेल्या तुकड्याला आज रेनॉल्ड्स स्ट्रेस म्हणतात आणि तो किती धरायचा हे समीकरणं स्वतःहून सांगत नाहीत. हा पेपर रॉयल सोसायटीकडे गेला तेव्हा तपासणाऱ्यांत स्टोक्स आणि लॅम्ब ही मोठी माणसं होती. त्यांनाही तो नीट उमगला नव्हता, पण छापावा असं ठरलं.

ते भोक अजून पूर्ण बुजलेलं नाही. १९७० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये लॉन्डर आणि स्पाल्डिंग यांनी ते भरायची एक पद्धत रूढ केली. तिच्यातला ०.०९ सारखा स्थिरांक प्रयोगांवरून बसवलेला आहे. आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती पद्धत असते. आपल्याकडे मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, ज्येष्ठराज जोशी आणि पुण्याच्या एनसीएलमध्ये विवेक रानडे यांनी ढवळणाऱ्या टाक्यांवर आणि रिॲक्टरवर याच मार्गाने बरंच काम केलंय. म्हणजे स्क्रीनवर लाल-निळ्या रंगात जे देखणं चित्र येतं, त्याच्या पोटात एक अंदाज बसलेला असतो. चित्र जितकं देखणं, तितकी मला आता जास्त धास्ती वाटते.

रेनॉल्ड्सची शेवटची वर्षं मात्र वाचवत नाहीत. १८७७ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, १८८८ मध्ये तिचंच रॉयल मेडल, असं सगळं मिळालेला माणूस. पण शतक बदलताना त्याचं मन थकू लागलं. १९०३ मध्ये आलेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात सगळं विश्व बारीक कणांनी ठासून भरलंय असा सिद्धांत आहे. तो कोणाला पटला नाही आणि त्याची मांडणीही कोणाला धड लागली नाही. १९०५ मध्ये तब्येतीपायी नोकरी सोडली. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधल्या वॉचेट या समुद्रकाठच्या गावी तो गेला. ज्या समीकरणांची सरासरी त्याने काढली, ती सोडवू शकेल असं यंत्र यायला अजून काही दशकं होती.

आता आमची टाकी. सिम्युलेशन चालवलं तेव्हा दिसलं की स्टिररचा दोष नव्हताच. क्रिस्टल पाडण्यासाठी जो दुसरा द्रव आम्ही सोडत होतो, तो वरून, भिंतीलगत पडत होता. फ्लास्कमध्ये त्याने काही बिघडत नाही, सगळं लगेच मिसळतं. टाकीत मात्र तो वर एका पट्ट्यात रेंगाळत होता आणि त्या पट्ट्यात एकदम असंख्य बारीक क्रिस्टल जन्माला येत होते. आरपीएम वाढवल्यावर जे काही मोठे झाले होते तेही पात्यांवर आपटून फुटले.

मी लगेच पाइप बदलायला निघालो. सरांनी थांबवलं. आधी टाकी साध्या पाण्याने भरायला लावली. आमची टाकी स्टीलची, आत काही दिसत नाही, त्यामुळे रंगाऐवजी मिठाचं पाणी ओतलं आणि कंडक्टिव्हिटीचा प्रोब आत सोडून घड्याळ लावलं. सगळीकडे सारखं व्हायला कॉम्प्युटरने सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. दोन दिवस खपून कप्पे बारीक केले, भिंतीजवळची माहिती सुधारली, तेव्हा कुठे दोन्ही आकडे जवळ आले. तंतोतंत नाहीच, अकरा पॉइंट आठ म्हणा.

मग पाइप खाली, स्टिररच्या पात्यांजवळ नेला. मामांनी आरपीएम परत कमी केले. त्या बॅचला रात्री साडेअकराला फिल्टर सुरू केला आणि चहा येईपर्यंत तो निथळून झाला होता.